लहानूमामाला वाचून दाखवलेला अंक

आमच्या घरी देव्हारा नव्हता. त्या जागी एक लांब फळी होती आणि फळीवर रशिया होता. मॉस्कोत छापलेलं मराठी मासिक दर महिन्याला टपालाने यायचं, त्याचे वर्षावर्षाचे गठ्ठे बाबांनी सुतळीने बांधून तिथे लावले होते. कागद असा गुळगुळीत की बोट घसरायचं, आणि त्याला एक परका, औषधासारखा वास. आई चुलीपुढे नागलीची भाकर थापत असली आणि खुरासणीच्या चटणीचा खमंग वास घरभर भरलेला असला, तरी नवा अंक फोडला की तो वास वेगळा उठून यायचा. आई त्या मासिकाला आपली सवत म्हणायची. "सवत आली, आता गुरुजी जेवायचे नाहीत," असं ती शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायची. बाबा हसायचे आणि खरंच जेवायचे नाहीत.

बाबा जामसरचे. भातशेतीच्या घरातून शिकून मास्तर झालेले पहिलेच. जव्हारात दोन खोल्यांचं भाड्याचं घर घेऊन आम्ही राहायचो. सरकारी मास्तर असल्यामुळे त्यांना कम्युनिस्ट पक्षाचं काम उघडपणे करता यायचं नाही, पण आमची पडवी हेच पक्षाचं वाचनालय आहे हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. बाजाराच्या दिवशी साखरशेतची, जामसरची माणसं आपली ओझी आमच्या पडवीत टेकवायची, कोरा चहा प्यायची आणि मग बाबा मला हाक मारायचे. वाचायचं काम माझ्याकडे होतं. बाबांचा आवाज वर्गात ओरडून बसलेला असायचा आणि माझा आवाज खणखणीत आहे असं त्यांना वाटायचं. मी नववीत होते, दोन वेण्या घालून पाटावर बसायचे आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या बायकांबद्दल, बर्फाखाली उगवणाऱ्या गव्हाबद्दल, भारताला पोलादाचे कारखाने बांधून देणाऱ्या इंजिनियरांबद्दल वाचायचे. म्हातारी माणसं विचारायची की तिकडे भात होतो का, आणि नागली नसेल तर गरीब माणूस काय खातो. मला काही माहीत नसायचं, तरी मी ठोकून द्यायचे की तिकडे गरीब माणूसच नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. अंगात आलेली ही खोड पुढे मला फार महागात पडली, आणि मला पडली त्याहून जास्त दुसऱ्याला.

माझं आणखी एक काम होतं, ते पट्ट्यांचं. बाबांकडे त्यांच्या तरुणपणच्या पुस्तिका होत्या. त्यांत लिहिलेलं असायचं की नवी नवी स्वतंत्र झालेली राष्ट्रं नावालाच स्वतंत्र आहेत, दिल्लीत बसलेले पुढारी हे गोऱ्या साहेबाचेच हस्तक आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. मग तिकडचा जुना नेता वारला, नवा आला, तो म्हणे आपल्या देशात येऊन हार घालून घेऊन गेला, आणि पुस्तिकांमधले हस्तक हळूहळू 'राष्ट्रीय नेतृत्व' झाले. पुढे मैत्रीचा करार झाला तेव्हा ते 'प्रगतिशील सरकार' झालं. वर्षातून एकदोनदा जिल्ह्याचे एक कॉम्रेड एसटीने यायचे, बाबांशी दार लोटून बोलायचे आणि जाताना टाइप केलेली एक यादी ठेवून जायचे. कोणत्या पुस्तिकेत कोणत्या पानावर काय बदलायचं याची ती यादी असे. पुस्तिका फेकून द्यायला बाबांचं मन धजत नसे, म्हणून मी आईकडून पेजेची खळ मागून घ्यायची, कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापायच्या, त्यांवर वळणदार अक्षरात नवं वाक्य लिहायचं आणि जुन्या वाक्यावर चिकटवायचं. बाबा म्हणायचे, जग पुढे जातं तशी भूमिकाही पुढे जाते, यात खोटं काही नाही. मला ते पटायचं, कारण मला खळ लावायला आवडायचं. एका पुस्तिकेत तर इंडोनेशियाच्या नेत्याबद्दल पट्टीवर पट्टी अशा तीन पट्ट्या झाल्या होत्या आणि ते पान पापडासारखं कडक झालं होतं. तीन वर्षं ते काम करून त्या मासिकाची भाषा माझ्या हाताला इतकी बसली की पुढचं वाक्य काय असेल ते मला आधीच कळायचं.

लहानूमामा हा आईचा थोरला भाऊ, साखरशेतचा. उंच, हाडापेराने मोठा, बोलायला कमी. जंगलातली जी जमीन आमच्याकडे लोक वर्षानुवर्षं कसतात आणि जिला प्लॉट म्हणतात, तसला एक प्लॉट त्याच्याकडे होता. वर नागली आणि वरई, खाली ओढ्याला थोडा भात. पक्ष फुटला तेव्हा बाबा मॉस्कोच्या बाजूला राहिले आणि मामा दुसरीकडे गेला, म्हणजे जिकडे प्लॉटवाली माणसं होती तिकडे. दोघांचं भांडण असं कधी झालं नाही. मामा पडवीत बसून माझं वाचन शेवटपर्यंत ऐकायचा आणि उठताना बाबांना एवढंच म्हणायचा की तुमचा देश चांगला आहे गुरुजी, पण आमच्याकडे येतो तो फॉरेस्टवाला. त्यावर बाबा समजावायचे. दिल्लीचं सरकार आपलं नाही हे खरं, पण ते आपल्या मित्राचं मित्र आहे, आणि मित्राच्या मित्रावर काठी उगारायची नसते. मामा मान हलवायचा. ती मान हो म्हणून हलायची की नाही म्हणून, ते मला कधी कळलं नाही.

आणीबाणी आली तेव्हा आमच्या भागात तिचं नाव कोणी घेत नव्हतं. फक्त आवाज कमी झाले. बाजाराच्या दिवशी माणसं पडवीत ओझी टेकवायची, चहा प्यायची आणि वाचनाची वाट न बघता निघून जायची. चहाच्या टपरीवरचा रेडिओ मात्र मोठा झाला. धान्यकोठाराच्या मोकळ्या जागेत एक जीप उभी राहू लागली, तिच्यातली माणसं आमच्याकडची नव्हती, आणि ती कधी उतरायची नाहीत. त्या पावसाळ्यात मामाच्या वस्तीवर फॉरेस्टचे लोक उभं पीक उपटायला आले, तेव्हा मामाने वस्ती गोळा करून त्यांना बांधावर अडवलं. हाणामारी झाली नाही, पण आडवं जाणं पुरेसं होतं. त्या दिवसापासून मामा दिसेनासा झाला. कोणी म्हणायचं तो वावर गावाच्या बाजूच्या डोंगरात आहे, कोणी म्हणायचं गुजरातेत उतरला. मामी दर बाजाराला यायची, आईजवळ चुलीपाशी बसायची आणि दोघी भाकरी करायच्या. तिला सातवा महिना होता. घरात नेहमीपेक्षा जास्त भाकरी होत आणि जाताना मामीच्या फडक्यात जात, हे मी पाहत होते. बाबाही पाहत होते आणि मासिकात डोकं घालून बसत.

मग शाळेत कुणीतरी बाबांना बाजूला घेऊन विचारलं की तुमचे मेव्हणे सध्या कुठे असतात. एवढंच विचारलं. पण त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी चपला काढल्या नाहीत, तशाच चपला घालून ते पडवीत बसून राहिले. जीप आता आमच्या दाराच्या समोरच्या वळणावर उभी राहू लागली. आई पाणी भरायला जाताना वाट बदलून जाऊ लागली. आज मागे वळून बघताना मला वाटतं, बाबा भित्रे नव्हते. त्यांना भीतीसाठी एक सभ्य नाव हवं होतं, आणि ते त्यांना टपालाने मिळालं.

नवा अंक आला तो नागली मळून झाली होती त्या दिवसांत. पहिल्याच पानावर हस्तांदोलनाचा मोठा फोटो आणि खाली लेख, की भारताचं प्रगतिशील सरकार प्रतिगामी शक्तींचा बीमोड करत असून सोव्हिएत जनता त्याच्या पाठीशी उभी आहे. बाबांनी तो लेख तीनदा वाचला. मग ते आईला म्हणाले की लहानूने आपण होऊन हजर व्हावं. सरकार उजव्या लोकांना धरतंय, याला काय धरणार, नाव लिहून घेतील आणि सोडून देतील. लपून राहिला तर मात्र तो प्रतिगाम्यांत मोजला जाईल. आईचे हात परातीत होते. ती वर न बघता म्हणाली, "माझ्या भावाला तुमच्या कागदावर तोलू नका." बाबांनी तिला पुन्हा तो लेख समजावला. पुढच्या बाजारी मामीच्या फडक्यात भाकरींबरोबर निरोपही गेला. मामीचे दिवस भरत आले होते. आईलाही तिचा भाऊ घरी हवा होता, हे मी विसरता कामा नये. सगळा दोष बाबांचा म्हणून लिहिणं मला सोपं जाईल, म्हणूनच लिहीत नाही.

मामा आला तो भर दुपारी, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन, बाजारात मोळ्या विकायला येणाऱ्या माणसांत मिसळून. मोळी त्याने परसात टाकली आणि मागच्या दाराने आत आला. तो वाळला होता, दाढी वाढली होती, पायांच्या टाचा फाटून त्यांत माती बसली होती. आईने त्याला उडदाची आमटी आणि भाकर वाढली. तो सावकाश जेवला, आमटीचा थेंब न सांडता. मग बाबांनी सगळं सांगितलं. करार, मैत्री, जागतिक परिस्थिती, प्रतिगामी शक्ती. मामाने ऐकून घेतलं, हात धुतले आणि माझ्याकडे वळला.

"पोरी, तुझा बाप सांगं ता मी आयकला. आता कागूद काय सांगं ता तू वाच."

मी अंक काढला आणि लेख वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आवाज चुकून मोठा होईल म्हणून हळू वाचला. मामा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "यात आमचा काय लिवलाय? प्लॉटवाल्यांचा?"

यात त्यांचं काहीच नव्हतं. सहा पानांच्या लेखात जमीन हा शब्द एकदाच होता आणि तोही युक्रेनच्या जमिनीबद्दल. मी आईकडे पाहिलं, ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाबांकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर बघत होते. मामा माझ्याकडे बघत होता. त्याने लेख ऐकला तो माझ्या तोंडून, आणि आता त्याचं जाणं न जाणं माझ्या पुढच्या वाक्यावर थांबलं होतं. मला तो घरी हवा होता. मामीचं बाळ होईल तेव्हा तो असायला हवा होता. ती जीप वळणावरून जायला हवी होती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी सगळं घर माझ्या आवाजाकडे कान लावून होतं, हेही मला हवं होतं. मी पान उलटलं आणि वाचल्यासारखं म्हणाले, "जंगलातील जमीन कसणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना कोणताही त्रास दिला जाणार नाही, असे आश्वासन भारत सरकारने आपल्या सोव्हिएत मित्रांना दिले आहे."

एकही शब्द अडखळला नाही. त्या वाक्याला मासिकाचीच चाल होती. तीन वर्षं पट्ट्यांवर अशीच वाक्यं लिहून मी चिकटवली होती आणि ती चिकटवली की खरी होत होती. मला मनापासून वाटत होतं की हे आज नसेल तर पुढच्या अंकात येईलच.

"छापलाय ना तसा?" मामाने विचारलं.

"हो मामा."

"मंग कागूद कशाला खोटा बोलंल," तो म्हणाला. "जातो सकाळी."

बाबांनी खिडकीवरची नजर काढली नाही. तो अंक त्यांनी तीनदा वाचला होता. त्यात तसं वाक्य नाही हे माझ्याखेरीज या जगात एकच माणूस जाणत होता, आणि तो गप्प राहिला.

सकाळी धुकं होतं, हात लांब केला तर दिसू नये असं. मामाने आंघोळ केली, बाबांचा धुतलेला सदरा घातला. तो त्याला आखूड झाला, मनगटं बाहेर राहिली. बाबा त्याला घेऊन पायी पोलीस ठाण्यावर गेले. आई पडवीत उभी राहिली आणि मी तिच्या मागे. त्यांची पावलं ऐकू येत होती तोवर आम्ही उभ्या होतो. शाळेची घंटा व्हायच्या आधी बाबा एकटेच परत आले. म्हणाले, बसवून घेतलंय, चौकशी करून सोडतील. संध्याकाळी ती जीप वळणावरून गेली ती परत आली नाही, आणि लोक म्हणाले की तिच्या मागच्या बाकावर आखूड सदऱ्यातला एक माणूस होता.

मामीला मुलगा झाला. बाबा जिल्ह्याच्या त्या कॉम्रेडांकडे दोनदा जाऊन आले. धीर धरा, असं सांगून त्यांनी बाबांना परत पाठवलं आणि हातात नवी यादी दिली. त्या यादीतल्या पट्ट्या मी लिहिल्या. हे वाचून माझ्या नातवंडांना माझा राग येईल, तो येऊ दे. पण नाही म्हणायचं सुचलंच नाही, हे खरं आहे. बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या मुखवट्यांच्या उत्सवात, एका देवाचं सोंग नाचवायचा मान मामाच्या घराकडे होता. त्या वर्षी तो मुखवटा त्याच्या चुलतभावाने चढवला. मुखवटा तोच, पावलंही तीच, तरी आई अर्ध्यातून उठून घरी आली आणि दार लावून बसली. दोन होळ्या अशा गेल्या. मामा कुठल्या जेलात आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मग निवडणूक झाली आणि सरकार पडलं. महिना दीड महिन्याने आलेला अंक मी स्वतः फोडला. पहिल्या पानावर हस्तांदोलनाचा मोठा फोटो होता. त्यातला एक हात तोच होता आणि दुसरा नव्या माणसाचा होता. खाली लिहिलं होतं की सोव्हिएत जनता भारताच्या नव्या सरकारचं मनःपूर्वक स्वागत करते, दोन्ही देशांची मैत्री कुणा एका पक्षावर अवलंबून नाही. मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पुरे. त्यानंतर त्यांनी मला कधी मोठ्याने वाचायला सांगितलं नाही आणि जिल्ह्याच्या कॉम्रेडांच्या याद्या फळीवर तशाच पडून राहिल्या. मोठ्या देशांना मित्र बदलता येतात, यात काही नवल नाही. आज मी टीव्हीवर बातम्या बघते तेव्हा हस्तांदोलन आलं की मी अजून उठून टीव्ही बंद करते. सून म्हणते आई, तुमचं बीपी तपासून घ्या.

मामा सुटून आला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती आणि तो डाव्या कुशीवर झोपू शकत नव्हता. का, ते त्याने सांगितलं नाही. मुलगा त्याच्याजवळ जाईना, रडायचा. आमच्याकडे तो आला तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसले. शिव्या ऐकायची मी तयारी केली होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. मामा बाबांना म्हणत होता, "सरकारना त्या देशाला सबूद दिलता न् मोडला. त्यांना कळला तरी असंल का, गुरुजी?" त्याला त्या देशाचं वाईट वाटत होतं. एवढा मोठा देश, आपल्यासारख्या माणसांसाठी त्याने शब्द घेतला आणि दिल्लीने त्याला तोंडघशी पाडलं, असं तो मनाशी धरून बसला होता. जेलात दीड वर्ष तो हेच धरून जगला. बाबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

पुढे मी डी.एड. केलं, मोखाड्याला शाळेत लागले, लग्न झालं, पुन्हा जव्हारला बदली झाली. मामाचा प्लॉट गेला तो परत मिळाला नाही, तो दुसऱ्यांच्या शेतावर राबला. मी त्याला सांगायचं ठरवलं असे दिवस किती आले ते मोजलेले नाहीत. पण प्रत्येक वेळी मला वाटायचं, त्याच्याकडून ती एक गोष्टही काढून घेतली तर त्याच्याजवळ उरेल काय. हे मी स्वतःला सांगत होते. खरं कारण, मला भीती वाटत होती.

आणि मग तो देशच राहिला नाही. मासिक आधीच बंद पडलं होतं. रेडिओवर बातमी आली, लाल निशाण उतरवलं, पंधरा देश झाले. बाबा तेव्हा रिटायर होऊन आईला घेऊन माझ्याकडे राहायला आले होते. त्यांनी बातमी ऐकली आणि रेडिओ बंद केला, दुसरं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी लहानूमामा आला, साखरशेतहून पायी. खांद्यावर फडक्यात बांधलेले तांदूळ होते. दुखवट्याच्या घरी तांदूळ घेऊन जायची आमच्याकडे रीत आहे. त्याने ते तांदूळ आईच्या हातात दिले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि बाबांच्या शेजारी बसला. कुणी गेलेल्या घरी बसतात तसा, बराच वेळ. बाबांचे डोळे भरून आले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

"चांगला देश व्हता, गुरुजी," मामा म्हणाला. "माझ्यासाठी बोलला व्हता. आमच्यासाठी कोण बोलं?"

बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या दुपारी खिडकीबाहेर लावलेली नजर त्यांनी पंधरा-सोळा वर्षांनी आत वळवली होती. सांग, असं त्या नजरेत होतं, की नको सांगू, हे मला आजही ठरवता येत नाही. मी पुढे झाले, मामासमोर बसले, त्याची न मिटणारी बोटं हातात घेतली. मग तोंड उघडलं आणि विचारलं, "मामा, चहा टाकू ना?"